पैलवानाची एएमसी

माझ्या सख्ख्या भावाच्या हातावर मी चहाचं आधण ओतलं. चुकून नाही, धक्का लागूनही नाही. दोन्ही हातांनी पातेलं उचललं, नेम धरला आणि ओतलं. मिरजेत अजून कुणी ना कुणी विचारतंच, "विजयाताई, तुमचा हात तरी कसा धजला हो?" विचारणाऱ्याच्या थोबाडात द्यावीशी वाटते. पण मग सगळं सांगावं लागतं, आणि सगळं सांगायचं तर ते एका कागदापासून सुरू होतं. ऑफिसातल्या मशीनची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, घ्यायची की नाही, वादाचा विषय एवढाच होता.

आमचं ऑफिस म्हणजे दवाखान्यांच्या जुन्या कागदांचं कोठार. केसपेपर, एक्स-रे, रिपोर्ट, सगळं कॉम्प्युटरवर गेलं तरी जुने कागद फेकून देता येत नाहीत, कोर्टकचेरी निघाली की लागतात. ते सांभाळायचं काम माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं, शहाजीचं. आम्ही दोघं भागीदार. टेबलावरचं मी बघते, गोदामातलं तो. तिसरे आमचे क्लार्क देवाप्पा मगदूम. साठी ओलांडली तरी रोज इस्त्रीचा सदरा.

गेल्या वर्षी आम्ही गठ्ठे बांधायचं मशीन घेतलं. पोलादी टेबल, टेबलाच्या मागं उभी जाड पाटी, आणि बाजूला खांद्यापासून मुठीपर्यंत एकच भलामोठा हात. सुटे कागद मुठीत धरायचे, पाटीवर दाबायचे, पट्टी मारायची आणि गठ्ठा फळीवर ठेवायचा. मोटारीचा घुंई-घुंई आवाज नाही, काही नाही. शहाजीनं तो हात पाहिला आणि पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, पैलवान.

मशीन बसवायला कंपनीकडून नाझनीन मुजावर आली होती. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, अंगानं काडी, पण बोलायला ठणठणीत. तिनं हाताचं झाकण उघडून आम्हाला आत दाखवलं. केसापेक्षा बारीक धाग्यांचे पीळ दिलेले जुडगे होते आत, दोरखंडासारखे.

"ताई, हे बनवलेले स्नायू आहेत," ती म्हणाली. "वीज दिली की आखडतात. वीज बंद केली की आहेत तिथंच घट्ट राहतात, म्हणजे लाइट गेली तर उचललेला गठ्ठा कुणाच्या डोक्यात पडत नाही. एक जुडगा मूठ मिटतो, हा दुसरा मूठ उघडतो. आणि वरची ही करडी कातडी. माणसाच्या हाताची ऊब आणि ओल तिला कळते. माणूस लागला की पैलवान थांबतो."

"आन् ताकद किती?" शहाजीनं विचारलं. त्याचा दुसरा प्रश्न कधी नसायचाच.

"तीच तर गंमत आहे, दादा. या धाग्यांवर ताण पडला की आत नवे बंध तयार होतात. कुदळ मारून हाताला घट्टे पडतात ना, तसं. ताण द्या, मग एक दिवस विश्रांती द्या, की धागा आधीपेक्षा दणकट. वीज तेवढीच लागते, ताकद वाढते."

मी शहाजीकडे बघितलं. अकरा वर्षांत त्याचा असा चेहरा मी पाहिला नव्हता.

ते सांगायला हवं. शहाजी खराखुरा पैलवान. अकरा वर्षांपूर्वी एका जत्रेच्या मैदानात समोरच्यानं त्याचा उजवा हात मागं पिरगाळला आणि खांदा निखळला. माझ्या डोळ्यांदेखत. हाड सुटल्याचा आवाज मी बायकांच्या गर्दीतून ऐकला. त्यानंतर दोन वर्षं पठ्ठ्या घरात पडून. भिंतीवर डोकं आपटायचा. एकदा तर रक्तानं भिजलेलं कपाळ घेऊन दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आक्का, मला जेवायला वाढू नको, मी फुकट खातोय." मी त्याच्या कानाखाली काढली, ओढत आणला आणि या ऑफिसात बसवला. तेव्हापासून तो काम करायचा. पण जगायचा नाही.

पैलवान आला आणि गडी जिता झाला. सकाळी सहाला गोदामात हजर. आधी साधे गठ्ठे, मग दुप्पट जाडीचे, मग मधे एक्स-रेच्या फिल्मा घालून, कारण त्या उसळतात आणि मुठीला जोर लावावा लागतो. दोन दिवस मेहनत, एक दिवस आराम. भिंतीवर खडूनं रेघा मारायचा. तालमीत वस्ताद पोरांना घडवतात तसा तो मशीनला घडवत होता.

सहाव्या महिन्यात त्यानं आम्हाला गोदामात बोलावलं. पैलवानाच्या मुठीत लोखंडी स्टुलाचा पाय दिला. मूठ मिटली. कर्रकर्र करत तो पाय पापडासारखा चपटा झाला आणि स्टूल उडून देवाप्पांच्या पायाशी आदळलं. देवाप्पा "अगं बाबौ" करून दोन हात मागं सरले. शहाजी मांडी ठोकून हसत होता. आणि मी काय केलं? टाळ्या वाजवल्या. होय, मीच वाजवल्या.

वॉरंटी संपत आली तशी नाझनीन कागद घेऊन आली. वार्षिक देखभालीचा करार. खाली दोन्ही भागीदारांच्या सह्यांची जागा. तिनं आल्या आल्या पैलवानाला मुठीचा जोर मोजायचा एक काटा धरायला दिला, काट्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला.

"ताई, हे मिटतंय तिप्पट ताकदीनं. आणि उघडतंय कारखान्यातून आलं तेवढंच. तुम्ही याला धरायला शिकवलंत, सोडायला कुणी शिकवलंच नाही. तातडीचं लाल बटण आहे ना, ते उघडणाऱ्या जुडग्यावर चालतं. उद्या मुठीत काही नको ते अडकलं तर बटण दाबून मूठ उघडणार नाही."

"मग काय करायचं?"

"करार घ्या. दर तीन महिन्यांनी मी येणार. हात ऐंशी अंशांपर्यंत तापवायचा, म्हणजे जादाचे बंध मोडतात. दोन्ही जुडगे बरोबरीला आणायचे. कातडी स्वच्छ करून तपासायची. पैसे जास्त वाटत असतील तर हप्ते..."

"पैशाचं काय न्हाई," शहाजी मधेच म्हणाला. आवाज अगदी हळू होता, आणि तो हळू बोलला की मला भीती वाटते. "तू काय करनार म्हनालीस? मोडनार? माझ्या पैलवानाला तापवून लुळा करनार?"

"लुळा नाही हो दादा, होता तसा."

"होता तसा म्हंजी लुळाच की!"

त्यानं तिची हत्यारांची पेटी उचलली आणि दारातून बाहेर भिरकावली. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, सगळं रस्त्यावर. करार चुरगाळून तिच्या अंगावर फेकला. नाझनीन जागची हलली नाही. मी उठले आणि शहाजीच्या थोबाडीत मारली, बाहेर उभा असलेला पानवाला वळून बघेल एवढ्या जोरात.

"लाज वाटत नाही? पोरीच्या जातीवर हात टाकतोस?"

"तिच्यावर कुठं टाकला?" त्याचे डोळे भरले होते. "आक्का, मला एकदा मोडलंय. बास की. आता ह्येला तरी ऱ्हाऊ दे."

आता सांगा, काय करायचं होतं मी? नाझनीनची हत्यारं मी रस्त्यावरून गोळा केली. तिनं चुरगाळलेला करार टेबलावर सपाट केला, म्हणाली, "ताई, तुम्हाला कळतंय. लवकर कळवा." ती गेल्यावर मी माझ्या जागी सही केली. शहाजीची जागा रिकामी राहिली. कागद मी ड्रॉवरमध्ये टाकला. दसरा होऊ दे, मग समजावू, असं मनाशी म्हटलं. खरं सांगते, मला समजावायचं नव्हतं. भाऊ सकाळी शीळ घालत कामाला येत होता, ती शीळ मला हवी होती.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची, मशीनची पूजा. त्याआधी पंधरा दिवस शहाजीनं पैलवानाकडून मरणाचं काम करून घेतलं आणि पूजेआधी तीन दिवस पूर्ण विश्रांती दिली. मोठ्या कुस्तीआधी देतात तशी. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सकाळी दहाला आम्ही तिघं गोदामात जमलो. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. देवाप्पांनी शेगडीवर चहाचं आधण ठेवलं. शहाजी एक पितळी घमेलं घेऊन आला. आत तांबडी माती. त्याच्या जुन्या तालमीतली, तेल, हळद, ताक, लिंबू घालून मळलेली. त्यानं ती पैलवानाच्या खांद्यापासून मुठीपर्यंत चोपडली. दोन्ही हातांनी, मायेनं, बोटांच्या फटीतसुद्धा.

"हे कशाला रे?" मी म्हटलं.

"आखाड्यात उतरायचं तर माती लागतीच की, आक्का. कोरड्या अंगानं कोन लढतंय?"

करडी कातडी तेलमातीखाली पार झाकून गेली. ऊब आणि ओल ओळखणारी तीच कातडी. मी बघत होते, हातात आरतीचं ताट होतं, आणि माझ्या डोक्यात नाझनीनचा एक शब्दही आला नाही. आला असता तर आज मी हे सांगत बसले नसते.

नारळ फुटला. शहाजीनं सदरा काढला, मूठभर माती स्वतःच्या दंडाला लावली, बटण दाबलं, उजवं कोपर पोलादी टेबलावर टेकवलं आणि पैलवानाच्या मुठीत आपला पंजा दिला.

"शहाज्या, काय करतोयस?"

"सलामी. पयली कुस्ती वस्तादासंगं."

मूठ मिटली.

सुरुवातीला तो हसला. "आयला, जोर हाय!" म्हणाला. त्यानं आपला जोर लावला, आणि तिथंच घात झाला. पैलवानाला काय माहीत पंजा लढवणं? त्याला एवढंच माहीत होतं, की मुठीतला गठ्ठा उसळला की आणखी आवळायचा. शहाजीनं जोर केला, त्यानं आवळलं. शहाजी ओरडला, त्यानं आवळलं. सुकी काटकी पायाखाली मोडावी तसे एकामागं एक आवाज आले आणि ते माझ्या भावाच्या बोटांचे होते.

मग पैलवानानं गठ्ठ्याचं करतात तेच केलं. मुठीतली वस्तू आपल्याकडे ओढली आणि पाटीला लावली. शहाजी टेबलावरून फरफटत गेला, तोंड पोलादावर आपटलं, नाकातून रक्ताची धार लागली. तोच जुना खांदा पुन्हा निखळला. अकरा वर्षांनी तोच आवाज. ओढीनं तो गरकन फिरला आणि त्याचा स्वतःचाच हात त्याच्या गळ्यावर आडवा आवळला गेला, मागं पाटी, पुढं पैलवान. डोळे बाहेर आले.

"बंद करा! बंद करा!" मी किंचाळले. देवाप्पांनी मेन स्विच ओढला. पैलवान थांबला, पण जिथं होता तिथंच घट्ट. शहाजीच्या गळ्यातून फुटक्या शिट्टीसारखा आवाज येत होता. मी स्विच परत चालू करून लाल बटणावर बुक्क्या मारल्या. मूठ थरथरली, बोटभर हलली आणि पुन्हा बसली. परत बंद केलं. देवाप्पांनी कोपऱ्यातली पहार आणून मुठीच्या फटीत घातली आणि अंगाचा भार टाकला. पहार तेलात सटकली आणि उलटून देवाप्पांच्याच तोंडावर बसली. दोन दात खाली पडले. ते इस्त्रीचा सदरा लाल करत तिथंच खाली बसले.

मी नाझनीनला फोन लावला. काय बोलले आठवत नाही. ती मात्र ओरडली नाही.

"मी इचलकरंजीत आहे, ताई. यायला पाऊण तास लागेल. श्वास चालू आहे का?"

"जेमतेम! ओठ काळे पडलेत गं!"

"मग मी पोचेपर्यंत थांबता येणार नाही. नीट ऐका. मनगटावरचं झाकण, दोन खटके आहेत, ओढून काढा. जाड जुडगा दिसेल. तो तापला तरच सुटेल. तिथं गरम काय आहे? खूप गरम?"

शेगडीवर आधण खळखळत होतं.

"पाणी आहे. उकळतं."

"ताई, ते खाली वाहणार. दादांचा हात मुठीत आहे ना?"

"आहे."

"सगळं ओता. थोडं थोडं ओतू नका, तापणार नाही. एकदम."

मी झाकण उपटलं. नखं तुटली. पदरानं पातेलं धरलं आणि आले. शहाजीनं पाणी पाहिलं. त्याला बोलता येत नव्हतं. तो मान हलवत होता, नको, नको. मला वाटलं भाजायला घाबरतोय. त्याच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं तेव्हा कळलं, तो पैलवानाकडे बघून नको म्हणत होता. मेंदूत जाळ झाला माझ्या. मरायला टेकलास आणि अजून त्याचीच काळजी?

"मर मेल्या!" मी ओरडले आणि ओतलं.

वाफेत काही दिसेना. शहाजीच्या गळ्यातून जे निघालं त्याला ओरडणं म्हणत नाहीत. जनावरही तसं ओरडत नाही. मी पातेलं उपडं धरून उभी होते, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मग आतून तडतड आवाज आला, मूठ सैल झाली आणि माझा भाऊ माझ्या अंगावर कोसळला. त्याच्या हाताची सोललेली कातडी माझ्या पदराला चिकटली. पण तो श्वास घेत होता. मोठमोठ्यानं, खरखरत, श्वास घेत होता.

उजवा हात मनगटापासून काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, हाडांचा भुगाच झाला होता, पाण्यानं वेगळं काही गेलं नाही. खरं बोलले की माझ्या जिवाला बरं वाटावं म्हणून बोलले, ते मी विचारलं नाही. आजही विचारणार नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून मी सरळ ऑफिसात आले, शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा घण घेतला आणि पैलवानावर घातला. एक, दोन, तीन. खांद्याला पोचा आला. चौथा घाव घालणार तोच देवाप्पा, तोंडाला पट्टी बांधलेले, मधे आले. हातात फोन धरलेला, फोनवर शहाजी. देवाप्पांनी माझ्या नकळत त्याला कळवलं होतं.

"आक्का, त्येला मारू नको." आवाज घोगरा, अर्धा फाटलेला. "त्येची काय चूक? वस्ताद मी हुतो. कसं सोडायचं, ते मीच त्येला दाखवलं न्हाई."

मी घण टाकला आणि जमिनीवर बसून रडले. रागानं रडले, दुःखानं नाही. निदान मी देवाप्पांना तसं सांगितलं.

पंधरा दिवसांनी ड्रॉवरमधला करार दवाखान्यात नेला. माझी सही होतीच, दसऱ्याआधीची तारीख घातलेली. शहाजीनं ती तारीख पाहिली.

"तू आधीच क्येली हुतीस?"

"हो."

"मग मला बडवून का न्हाई करून घेतलीस? एरवी तर लई बडवतीस."

मी कागद त्याच्यापुढं सरकवला. त्याला डाव्या हातानं लिहिता येत नव्हतं. शाईचं पॅड आणलं होतं. त्यानं डावा अंगठा उठवला.

नाझनीन पहिल्या देखभालीला आली तेव्हा शहाजी हट्टानं हजर राहिला. बाही मनगटाशी दुमडून पिन लावलेली. तिनं हातावर तापवायचं वेष्टण गुंडाळलं. तास-दीड तास आतून तडतड येत राहिली. शहाजी भिंतीकडे तोंड करून बसला होता, जिथं खडूच्या रेघा होत्या. मग नाझनीननं मूठ मिटायला लावली, उघडायला लावली. मिटायला लावली, उघडायला लावली. दोन्ही वेळा काटा सारखाच आला. कातडी तिनं साबणानं धुतली, फटीतली तांबडी माती काडीनं काढली.

"झालं," ती म्हणाली. "आता माणूस लागला की थांबेल. आणि उघडेल."

शहाजी उठला. सरळ टेबलापाशी गेला आणि डावा हात त्या मुठीत घातला.

नाझनीन ओरडली. देवाप्पा ओरडले. मी कशी झेप घेतली मलाच माहीत नाही, त्याचा दंड पकडला आणि सगळ्या ताकदीनं मागं ओढला. आता नाही, हा हात नाही, हा तुला देणार नाही, असं काहीतरी मी बडबडत होते. डोळे मिटले होते. आवाज येईल म्हणून वाट बघत होते, काटक्या मोडल्याचा.

आवाज आला नाही.

"आक्का," शहाजी म्हणाला. अगदी हळू. "आक्का, बघ तरी."

मी डोळे उघडले. पैलवानाची मूठ उघडी होती, तळहातावर पाणी धरावं तशी. शहाजीचा हात त्यातून कधीच बाहेर आला होता, बोटं पाचच्या पाच शाबूत. रक्त येत होतं ते त्याच्या दंडातून. माझी नखं तिथं खोल रुतली होती, आणि मी अजून ओढत होते.

"त्येनं सोडलंय," तो म्हणाला. "आता तू सोड."